दोन माणसांचा तंबू

दिवाळी सरली की निमोण्याच्या गिताबाईच्या कंबरेत कळ यायला लागते. डॉक्टर म्हणतात हाडं झिजली. गिताबाई म्हणते, हाडांचं मला माहीत नाही, पण पाल उचलायचे दिवस आले हे कंबरेला बरोबर कळतं. घर मेंढपाळांचं. भावकीतल्या बहुतेकांनी मेंढरं केव्हाच विकली. कुणी कांदा लावला, कुणी रांजणगावच्या कंपनीत लागलं. तिचे मालक, हनुमंत आबा, मात्र अजून दर थंडीत मेंढरं घेऊन भीमेच्या काठाकाठाने निघतात. आबा निघाले की गिताबाई निघते. येतेस का म्हणून तिला कुणी विचारत नाही. घोडीला निदान चुचकारतात तरी.

या संसारात कामांची वाटणी लग्नाच्याही आधी ठरलेली होती. मुक्कामाला पोचलं की ताडपत्रीचं पाल बाईने उभं करायचं आणि सकाळी बाईनेच ते उतरवून बांधायचं. पुरुष पालाला हात लावत नाही. पुरुष पालात झोपतही नाही. तो बाहेर, मेंढरांच्या अंगाला अंग लावून, घोंगडी ओढून राखण करत पडणार; हल्ली तर उसाउसांत बिबटे, म्हणजे बोलायलाच नको. पालात झोपायची ती बाई, पोरंबाळं आणि नुकती जन्मलेली कोकरं. मग या माणसांना पोरंबाळं होतात कधी, असं कुणी विचारू नये. पावसाळाभर घरीच असतात की.

पण गेल्या थंडीत दव अंगावर घेऊन घेऊन आबांची छाती भरली. खोकून खोकून माणूस निळा पडला, शिरूरच्या दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, रात्री उघड्यावर झोपायचं नाही. आणि कंपनीत असलेल्या सार्थकने, थोरल्या मुलाने, दवाखान्यातल्या खाटेपाशी उभं राहून सांगून टाकलं की आबा अजून एकदा असे पडले तर मी व्यापाऱ्याला बोलावणार आणि सगळा कळप विकणार. आबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

खरं सांगायचं तर गिताबाईच्या अर्ध्या मनाला वाटलं, विका बाबा एकदाची. चालून चालून तिचा जीव विटला होता. पण उरलेल्या अर्ध्या मनाला आपला म्हातारा पक्का माहीत होता. दारात मेंढरू नसेल तर हा माणूस ओसरीवर बसल्या बसल्या संपेल, आणि ते बघत बसायला चालण्यापेक्षा जास्त ताकद लागेल.

त्यातच यंदा घोडी थकली. भांडी, पीठ आणि कोकरं एवढंच ती कशीबशी वाहील. वासे, जाड ताडपत्री आणि लोखंडी खुंट्या असलेलं जुनं पाल तिच्या पाठीवर टाकणं म्हणजे पाप. पाल आता गिताबाईच्या डोक्यावर येणार होतं. हे ऐकून दौंडला दिलेली तिची लेक प्रतिभा फोनवर कडाडली, "आये, गप ये इकडं. आमच्या वरच्या मजल्यावरची स्नेहल बँकेत हाय, सुट्टीला किल्ले चढती. तिच्याकडं पाठीवरचे तंबू हायेत दोन. एक देती म्हणाली. तुझा तू निवड."

स्नेहलने गच्चीवर दोन्ही तंबू मांडले. मुलगी चांगली होती. हातात गरम चहा देऊन, बसायला चटई देऊन मग बोलायला लागली. पहिला तंबू काखोटीला मावेल एवढीच गुंडाळी. गिताबाईने उचलला आणि क्षणभर तिला वाटलं, आत काही नाहीच.

"याला खांबसुद्धा नाहीत मावशी," स्नेहल म्हणाली. "चालायच्या काठ्या असतात ना, त्याच उभ्या करायच्या आणि दोऱ्या ताणायच्या. दोन माणसं झोपतात."

काठी! काठ्या तर घरात पिढ्यान्‌पिढ्या होत्या. गिताबाईने ती गुंडाळी डोक्यावर ठेवली, गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून पाहिलं, जिना उतरून पुन्हा चढून पाहिलं. गुडघे दुखले ते नेहमीचेच. मान मात्र मोकळी होती. केवढं सुख! हाच, तिने मनात ठरवून टाकलं.

"फक्त थंडीत एक होतं," स्नेहल म्हणाली. "कापड एकेरी आहे. आपल्या श्वासाचंच पाणी आतून धरतं, पहाटे अंगावर ठिबकतं. मला तर सर्दी झाली होती."

गिताबाई थांबली. "आन् ह्यो दुसरा?"

दुसराही दोन माणसांचाच, पण दुहेरी कापडाचा होता. आत जाळीची खोली, वरून पातळ कापडाचं पांघरूण, दोन बाजूंना दोन दारं. वरचं दार गुंडाळून ठेवलं तरी जाळीतून बाहेरचं सगळं दिसतं, आणि दव लागत नाही. आधाराला दोन लवचीक दांड्या, आतून रबराच्या दोरीने जोडलेल्या. झटकल्या की आपोआप खटाखट एकात एक बसत होत्या. पण पहिल्याच्या दुप्पट वजन. तसं बघितलं तर तेही फार नव्हतं. पण रोज चालणाऱ्या माणसाला विचारा, एका तांब्याचं ओझं संध्याकाळपर्यंत केवढं होतं ते.

गिताबाई आत शिरून आडवी झाली. डोकं वळवून जाळीतून बाहेर पाहिलं. गच्चीवर पलीकडे प्रतिभाचे कपडे वाळत होते. त्या जागी तिने मनातल्या मनात मेंढरं बसवून पाहिली. दिसत होती. मग ती बाहेर आली, पहिल्या गुंडाळीवरून एकदा हात फिरवला आणि ती बाजूला सारली.

"जड हाय तो आये," प्रतिभा म्हणाली. "वाहायचा तुलाच हाय."

"व्हय," गिताबाई म्हणाली. "पर निजायचं त्यास्नी हाय."

इथवर सगळं शहाणपणाचं झालं. घोटाळा पुढे झाला, आणि तो गिताबाईने स्वतः केला. घरी आल्यावर आबांनी तंबूच्या पिशवीकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि विचारलं, हे काय. खरं सांगितलं असतं तर म्हातारा तिथेच हट्टाला पेटला असता. वाद घालायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. म्हणून ती बोलून गेली, "कोकरांसाठी आणलंय. ऊब ऱ्हाती म्हंत्यात."

"मंग बेस केलंस," आबा म्हणाले.

पहिलाच मुक्काम वडगाव रासाईला, आनंदरावांच्या रानात. मोठे बागायतदार, खतासाठी दरवर्षी मेंढरं बसवून घेतात, बदल्यात धान्य देतात. दिवस मावळायला आला होता. दिवसभर तंबू डोक्यावर होता आणि मान आखडून लाकूड झाली होती. तशीच ती खाली बसली, दांड्या झटकल्या, विणायच्या सुयांएवढ्या खुंट्या दगडाने ठोकल्या. हिरवा गोल तंबू उभा राहिला. मेंढरांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा रवंथ सुरू केला.

ती चुलीवर भाकरी टाकून वळते तो आबा एकेक कोकरू उचलून आत सोडत होते. खाली पोतं अंथरलं होतं, पाण्याचं भांडंसुद्धा ठेवलं होतं. कोकरांनी तंबू भरून गेला.

"अवो, काय करताय?"

"कोकरांसाठीच हाय न्हवं?"

गिताबाईने भाकरी तव्यावरच सोडली. "तुमच्यासाठी हाय त्यो. खोटं बोलले मी. तुम्ही आत निजायचंय. जाळीतनं मेंढरांचा वाडा दिसतुय, मी दौंडला निजून बघितलंय."

आबा हसले, आणि हसता हसता खोकायला लागले. खोकला थांबल्यावर म्हणाले, "मी आन् ह्येच्यात? मेंढरं भाईर टाकून? आनंदराव बघतील तर काय म्हंतील? आपल्या वाड्यात आत निजलेला गडी दाखव एक तरी."

"दवाखान्यात निजलेला दाखवू का?"

आबांनी आपली घोंगडी झटकली आणि मेंढरांकडे चालू लागले. गिताबाईला एकदम इतका शीण आला की तिला ओरडताही येईना. या माणसाला समजावून समजावून तिचे केस पांढरे झाले होते. ती उठली, मागून गेली, त्यांच्या खांद्यावरची घोंगडी ओढून घेतली, हातातली काठी घेतली आणि मेंढरांच्या कडेला जमिनीवर आडवी झाली.

"आज राखण माझी. तुम्ही आत जा, न्हाईतर भाईर बसा. मी हितनं हलत न्हाई."

"येडी झालीस का? ऊठ."

ती उठली नाही. भाकरी करपल्याचा वास आला तरी उठली नाही. मग आबांनीच भाकरी उलटवली, आपल्या वाट्याची खाल्ली, तिची तिच्या उशाशी ठेवली, आणि कोकरांना बाजूला सारत, पुटपुटत, गुडघ्यांवर आत शिरले. कुत्रा तंबूकडे पाहत राहिला. त्यालाही हे नवीन होतं.

तांबडं फुटलं तेव्हा गिताबाईला बसता येईना. घोंगडी दवाने निथळत होती, पिळली असती तर तांब्याभर पाणी निघालं असतं. केस ओले, लुगडं ओलं, बोटं वळेनात. इतकी वर्षं ती पालात कोकरांच्या उबेला झोपली होती आणि दव म्हणजे सकाळी गवतावर चमकतं ते, एवढंच तिला ठाऊक होतं. हे असं अंगावर घेऊन हा माणूस उठत होता, आणि उठून पहिल्यांदा चहा मागत होता.

आबा बाहेर आले. एकदा खोकले, दुसऱ्यांदा नाही. येऊन त्यांनी घोंगडी चाचपून पाहिली.

"रोज येवढं भिजायचा तुम्ही?" तिने विचारलं.

"दवच त्ये. भिजवणारच की."

"कवा बोलला न्हाई."

"तू तरी कवा बोललीस, पाल जड हाय म्हणून?"

गिताबाईने काठीवर भार देऊन उठायचा प्रयत्न केला. तंबू गुंडाळायचा होता, पुढचा मुक्काम लांब होता.

"बस," आबा म्हणाले.

त्यांनी कोकरं बाहेर काढली, आणि आयुष्यात पहिल्यांदा पालाच्या खुंटीला हात घातला. दांडी ओढली ती रबरासकट ताणली गेली, सुटून त्यांच्याच गुडघ्यावर बसली. कापडातल्या लेंड्या झटकायच्या राहून गेल्या. गुंडाळी पोटुशी मेंढी असावी तशी फुगली आणि पिशवीत काही केल्या जाईना. आबांनी त्या पिशवीला दोन शिव्या घातल्या. बांधावर आनंदराव आले होते, हात मागे बांधून बघत होते. आबांनी त्यांना रामराम घातला आणि गुंडाळीवर गुडघा रोवला. गिताबाईला हसायचं होतं, पण आधी डोळेच भरून आले.

शेवटी अर्धी आत, अर्धी बाहेर अशी ती पिशवी आबांनी आपल्याच पाठीला बांधली.

"सांजच्याला दार मेंढरांकडं करून लाव," तिच्याकडे न बघता ते म्हणाले. "जाळीतनं दिसतंय बरं का."

"तुम्हीच लावा," गिताबाई म्हणाली, आणि आणखी थोडा वेळ बसून राहिली.