मिरचीचं पन्हं कोणी प्यायलं

हरभऱ्याची डाळ सकाळी भिजत घालावी आणि दुपारपर्यंत तिच्याकडे बघू नये. बघत बसलं की ती मुद्दाम टणक राहते. मग पाणी निथळून मिक्सरमधून भरड फिरवायची. फार बारीक झाली तर भजी तळावीत आणि कोणाला काही सांगू नये. त्यात किसलेली कैरी, हिरवी मिरची, मीठ, चिमूटभर साखर, वरून मोहरी-हिंगाची फोडणी आणि मूठभर सांबार, ज्याला पुण्याकडे कोथिंबीर म्हणतात. झाली आंबेडाळ.

हे शिक्षण मला पडद्याआड मिळालं. चैत्रात बायकोचं हळदीकुंकू असायचं. सक्करदऱ्याच्या आमच्या इमारतीतल्या झाडून सगळ्या बायका यायच्या आणि घरातल्या एकुलत्या एक पुरुषाला स्वयंपाकघरात डांबलं जायचं. मी आत वाट्या भरायचो, ती बाहेर नेऊन कौतुक करून घ्यायची. बाहेर कोणीतरी काहीतरी बोलायचं आणि असा हशा उठायचा की आत माझ्या हातातला डाव थांबायचा. काय झालं म्हणून पडद्यातून डोकं काढलं की ती म्हणायची, “तुमाले काय करायचं हाय? डाळ वाटा.”

गेल्या वर्षी होळीनंतर ती गेली. मुलंबाळं आम्हाला नव्हती. तेव्हापासून घर इतकं गप्प झालं की फ्रिजची मोटर सुरू झाली तरी मी मान वर करून बघायचो. यंदा बाजारात कैऱ्या दिसल्या आणि मी ठरवलं, एक संध्याकाळ तरी या घरात तसा हशा ऐकायचा. या वेळी पडद्याच्या बाहेर उभं राहून.

पुरुषाने हळदीकुंकू करायचं तर अवघडच. म्हणून मी सगळ्या कुटुंबांनाच बोलावलं. इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं: “वर्ष झालं. रविवारी संध्याकाळी सगळ्यांनी माझ्याकडे यावं. तिची आवडती आंबेडाळ करतो आहे.” उत्तरादाखल जोडलेल्या हातांची चित्रं आली. एकाने पणती पाठवली. मला वाटलं, लोक सभ्य आहेत.

रविवारी मी पेटलोच होतो. कैऱ्या उकडल्या, गर काढला, गूळ आणि वेलदोडा घालून पन्हं केलं. टेबलावर कलिंगडाची फुलं कापून मांडली, त्यातलं एक कमळासारखं व्हायला हवं होतं, ते पानकोबीसारखं झालं. आणि एक खोडी केली. एका ग्लासात गूळ घातलाच नाही. नुसता आंबट गर, काळं मीठ आणि ठेचलेल्या दोन मिरच्यांचं गाळलेलं पाणी. रंग अगदी बाकीच्यांसारखा. कोणाच्याही वाट्याला जावो, तोंड वाकडं होईल, ठसका लागेल आणि मग सगळी खोली हसत सुटेल, असा माझा हिशेब होता. मी आरशासमोर उभं राहून भोळा चेहरासुद्धा करून पाहिला.

दार उघडलं तर समोर पांढरे सदरे. बायका फिक्या साड्यांत. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींच्या हातात मोगऱ्याचा हार होता. त्या सरळ आत आल्या, बायकोच्या फोटोला हार घातला आणि डोळे पुसले. एकेक जण फोटोपुढे वाकून भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सगळे वर्षश्राद्धाला आले होते.

आता काय सांगायचं? वहिनींचे डोळे खरोखर ओले होते. मी भोळा चेहरा केला, तो आता आपोआपच जमला, आणि ट्रे फिरवला.

सगळ्यांनी पन्हं प्यायलं. मी एकेकाच्या तोंडाकडे बघत होतो. एकही भुवई हलली नाही. कोणी खोकललं नाही.

“छान झालं,” कोणीतरी हळूच म्हणालं.

“तिच्या हातासारखंच,” वहिनी म्हणाल्या.

डाळ त्यांनी प्रसादाएवढी घेतली. कलिंगडाच्या कमळाला कोणी हात लावला नाही. थोड्या वेळाने एकेक जण उठला आणि गेला. अशा घरातून निघताना “येतो” म्हणत नाहीत, म्हणून कोणी म्हटलं नाही. मी दाराशी उभा राहून जाणाऱ्यांच्या पाठी बघत होतो. मग भरलेलं पातेलं समोर घेऊन बसलो. डाळ चांगली झाली होती.

बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे काका होते. मूळचे सावनेरकडचे, खाणीतून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. त्यांचे ओठ लाल झाले होते.

“काहून गा,” ते म्हणाले, “मलेच मिरचीचं पाणी काहून देल्लं?”

“तुम्ही प्यायलात ते?”

“सगळं प्यालो. म्हटलं, बिचारा दुःखात हाय, हाताचा अंदाज चुकला असन. कसा बोलू? घरी जाऊन दही खाऊन राहिलो तवापासून.”

मी त्यांना सगळं सांगितलं. श्राद्ध नव्हतं, खोडी होती, त्यांनी ठसकायचं होतं आणि बाकीच्यांनी हसायचं होतं.

“मंग अगुदर सांगायचं ना, हासायचं हाय म्हणून.”

“सांगितलं तर कोण हसेल, काका?”

“हेबी खरं हाय.” त्यांनी पातेल्यात डोकावलं. “मले डाळ दे थोडी. तिखट नसन तर.”

उभ्यानेच त्यांनी दोन वाट्या खाल्ल्या, वाटी माझ्या हातात दिली आणि निघाले. पाचसहा पायऱ्या उतरले असतील आणि त्यांना हसू फुटलं. थांबले, पुन्हा हसले, मग ठसका लागला. खाली कुठल्याशा बाईने विचारलं, “काय झालं?” काकांनी सांगायला सुरुवात केली आणि सांगता सांगता तीही बाई हसायला लागली. आणखी एक दार उघडलं.

मी वाटी हातात धरून दार उघडं ठेवून उभा होतो. मागे घरात पंखा फिरत होता. खाली गोष्ट मिरचीपर्यंत पोहोचली तसे सगळे एकदम हसले. मग दारं एकेक करून लागत गेली. शेवटचं लागेपर्यंत मी माझं दार लावलं नाही.