माय नाही म्हणते

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. नवऱ्याला ठाऊक नाही, मुलींना नाही. सांगायला बसले की मी दुसरंच काहीतरी सांगून उठते — दादाच्या कष्टांचं, मायच्या स्वभावाचं. लोक म्हणतात, किती जीव आहे तुझा माहेरावर. मी ऐकून घेते.

आम्ही इंदोरा वस्तीत राहायचो. बाबा लवकर गेले. मायनं गिरणीच्या सूतखात्यात काम करून आम्हां दोघांना वाढवलं, आणि त्या यंत्रांच्या आवाजात तिचे कान गेले. अगदी जवळ जाऊन, ओरडून बोललं तरच तिला ऐकू यायचं. लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणजे बाहेरचं जग तिच्यापर्यंत पोचायचं ते माझ्या तोंडून. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

दादा वेल्डर होता. सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा तो मस्कतला गेला. तिथून पैसे पाठवायचा, माय ते पोस्टात ठेवायची. त्याच पैशांवर माझं लग्न ठरलं. मुलगा सरकारी कचेरीत कारकून — आमच्या वस्तीत तेव्हा असं स्थळ येणं म्हणजे काय होतं, हे कसं सांगू? मी मॅट्रिक झालेली, सावळी, बापाविना. दोन स्थळं आधीच परत गेलेली. सुपारी फुटली त्या दिवसापासून मी रस्त्यानं चालतानाही वेगळी चालत होते.

लग्नाला महिनाभर उरला होता. दादाचं पत्र आलं, की अमुक रविवारी सकाळी तो डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन करणार आहे. वस्तीत फोन तेवढा एकच. माय सकाळीच न्हाऊन, नवं लुगडं नेसून तयार. पोराचा आवाज ऐकू येणार नाही हे तिला ठाऊक होतं — तरी आली. डॉक्टरसाहेबांनी आम्हाला आतल्या खोलीत बसवलं आणि ते बाहेर पेशंट पाहायला गेले.

घंटी वाजली. मी फोन उचलला. पलीकडं खरखर, आणि मग रडणं. मला वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणाचा फोन लागला. दादाला रडताना मी कधी ऐकलंच नव्हतं. बाबा गेले तेव्हाही नाही.

"आयक वं," तो म्हणाला, "माझ्या बाजूले काम करणारा पोरगा वरून पडला. माझ्या डोळ्यापुढं मेला. मले इथं राहवत नाही. मायले विचार, पोस्टातले पैसे पाठवते काय? करार मोडल्याचे पैसे भरले की हे मले सोडतेत. लग्न थोडं पुढं ढकला. मी आलो का पुन्हा कमवून देतो. नाही तं मी इथं मरून जाईन."

पैसे पाठवायची वाटही त्यानं सांगितली. इतवारीत एक कापडवाला होता. त्याच्या दुकानात इथं रुपये दिले की त्याचा माणूस तिकडं देत असे. एका दिवसाचं काम होतं.

माय माझ्या बाजूला उभी होती. माझ्या दंडाला तिचा हात लागलेला होता. तोंड हसरं. "काय म्हणून राहिला वं तो?"

आता — इथं मला थांबावंसं वाटतं. मी घाबरले होते म्हणू? मला काही सुचलं नाही म्हणू? पण तसं नव्हतं. मला लख्ख सुचलं. मायला विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती, हे मला तेव्हाही पक्कं माहीत होतं. तिनं तिथल्या तिथं लग्न मोडलं असतं आणि अनवाणी इतवारी गाठली असती. ती हो म्हणेल हे माहीत होतं, म्हणूनच मी विचारलं नाही.

मी तोंडावर हात धरून फोनमध्ये म्हणाले, "दादा, माय नाही म्हणते."

पलीकडं फक्त खरखर.

मग मी मायच्या कानाशी वाकून ओरडले, "बरा हाये म्हणते! जेवत जा म्हणा म्हणते मायले!"

माय हसली. फोनकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाली, "तूही जेवत जाय गा, बापू!" ते त्याला ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही. तोवर फोन बंद झाला होता.

ते वाक्य माझ्याच आवाजात निघालं यावर माझा विश्वास बसेना. वाटलं, आत्ता, याच क्षणी मायला सांगावं. बाहेर डॉक्टरसाहेबांनी विचारलं, खुशाल आहे ना? मी म्हणाले, हो.

लग्न झालं. दादानं कामठीच्या एका माणसाबरोबर माझ्यासाठी परदेशी नायलॉनची साडी पाठवली. मायसाठी काही नव्हतं. माय म्हणाली, "घाईत विसरला असंल." मी साडीची घडी मोडत बसले.

तुम्ही म्हणाल, नंतर तरी सांगायचं. मी नंतर काय केलं तेही ऐका. मायची पत्रं मीच लिहायची. एकदा तिनं सांगितलं, "लिही, जीव लागत नसंल तं निघून ये, पैशाचं पाहू." मी पेन उचललं आणि लिहिलं, की इकडं सगळे मजेत आहेत, तब्येतीची काळजी घे. तिनं खाली अंगठा उमटवला. ते वाक्य त्याच्यापर्यंत गेलं असतं तर माझी लबाडी उघडी पडली असती — एवढंच कारण.

दादा पाच वर्षांनी परतला. मध्ये एकदाही आला नाही. उजव्या हाताची दोन बोटं तिथंच गेली होती. त्यानं जरीपटक्याकडं वेगळी खोली घेतली. मायला खर्चाला द्यायचा, पण दारातूनच. कधी तिच्या हातचं जेवायला बसला नाही. ती ताट वाढून ठेवायची, तो म्हणायचा, जेवून आलो. मी माहेरी गेले की माय मला कोपऱ्यात घेऊन विचारायची, "काहून असा झाला वं तो? मी काय केलं त्याचं?"

मला विचारायची. मलाच.

मी म्हणायची, परदेशात माणूस बदलतो. त्यावर ती मान हलवायची.

तीन वर्षं तिनं हा प्रश्न विचारला, आणि मग ती गेली. तिच्या नावानं पुण्यानुमोदनाचं कार्य झालं त्या दिवशी, लोक उठून गेल्यावर, दादा अंगणात माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "त्या दिवशी फोनवर तू खोटंही बोलू शकत होती. पैसे बुडाले म्हणाली असती तं मी मानलं असतं. पण तू खरं सांगतलं. या घरात माझ्याशी खरं बोलणारी तूच एक निघाली, बाई."

भिंतीवर मायचा फोटो, त्याला ताजा हार. दादाचा तीन बोटांचा हात माझ्या खांद्यावर. तोंड उघडायला याहून सोपी वेळ कुठली होती? माय आता नव्हती, लग्न कुणी मोडणार नव्हतं. मी पदर डोळ्याला लावला. त्याला वाटलं, मी मायसाठी रडते आहे. त्यानं माझ्या पाठीवर थोपटलं.

अजून तो येतो. दर राखीला, आणि मध्येही. माझ्या हातचं जेवतो. मायचं नाव निघालं की त्याचा चेहरा बंद होतो, आणि मी लगेच भाजी वाढते.

तुम्हाला सांगितलं, त्याला नाही. यातही तोच भित्रेपणा आहे, मला कळतं.

माय नाही म्हणाली नव्हती. तिला कुणी विचारलंच नव्हतं. नाही मी म्हणाले होते.