वाकळेचा उसवलेला कोपरा

तानूआक्का गेली आणि निपाणीतल्या आमच्या गल्लीचा आधारच हरपला, असं तिच्या दहाव्याला वकीलसाहेब म्हणाले. मी बेळगावहून मुद्दाम आलो होतो. ऐकून बरं वाटलं. दोन वर्षांपूर्वी याच वकीलसाहेबांच्या ओट्यावर या आधारावर करणीचा आळ आला होता, एवढंच.

आक्का माझी चुलतबहीण. नवरा गेल्यावर दिराच्या दारात राबण्यापेक्षा ती लोकांची जुनी धडुती जोडून वाकळा शिवायची आणि त्यावर पोट भरायची. दुसऱ्या महायुद्धात कापड रेशनवर गेलं, तसा विटक्या लुगड्यालाही भाव आला. आमच्याकडं करणीच्या भीतीनं अंगावरचं कापड परक्या हाती सुखासुखी देत नाहीत. बायका आधी काठाचा एक दोरा जाळायच्या, मग आक्काला द्यायच्या. आक्काही काही कमी नव्हती. प्रत्येक चिंधी हुंगून विचारायची, "कुणाचं हे? मेलेल्याचं तर न्हवं?"

वकिलांच्या नातवासाठी तिनं त्यांच्याच जुन्या काळ्या कोटाची वाकळ शिवली. चार महिन्यांनी पोराला ताप आला आणि वकिलांच्या आईला वाकळेच्या कोपऱ्यात काहीतरी टणक लागलं. अर्धी गल्ली ओट्यावर जमली, आक्कालाही बोलावून आणलं. सुट्टीला आलेला मीही होतो. शाळेत पोरांना भुतं नसतात म्हणून शिकवतो, पण तो कोपरा दाबला आणि हात आपोआप मागं आला... आळ खरा ठरला असता, तर कुणीही तिला चिंधी दिली नसती आणि दिराचं दार तेवढं उरलं असतं.

"काय घातलंस गं आत?" म्हातारीनं विचारलं.

"वाकळंचं पोट उपाशी ठेवू न्हाय म्हणून भाकरीचा तुकडा. माझी आई घालायची, मी घालतो. पटत न्हाय तर उसवा आईसाहेब. पण मी परत शिवणार न्हाय."

उसवलं. भाकरीचा वाळून खडा झालेला तुकडा निघाला.

"भाकरीच आहे, याला पुरावा काय?" वकीलसाहेबांनी कोर्टातला आवाज लावला.

आक्कानं तुकडा उचलला, फुंकर मारली आणि कडाकडा चावून खाल्ला. मग तिथंच पाय पसरून बसली. "बघा आता, मरतो का जगतो."

सगळे खरंच बघत बसले. दिवस कलला, तशी ती उठून घरी गेली. पोराचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. डॉक्टर मलेरिया म्हणाले. चिंध्या पुन्हा यायला लागल्या. नवी वाकळ घरी नेली की लोक दार लावून चारही कोपरे दाबून बघायचे, हे मात्र शेवटपर्यंत चाललं. आक्काला ते माहीत होतं. तिनं तुकडा घालणं काही सोडलं नाही.

दहाव्याहून परतताना वकिलांच्या घरी चहाला थांबलो. नातू त्याच वाकळेवर झोपला होता. कोपरा अजून उसवलेलाच. मी विचारलं, तर म्हातारी म्हणाली, "शिवायला दुसऱ्या कुणाकडं कसं द्यायचं? आत काय घालतील, भरवसा न्हाय."

तिथं एक सेफ्टी पिन लावलेली आहे.