दरीत उतरणारे मामा

पैसे घेतलेच पाहिजेत असं तावातावाने सांगणारा आणि पैसे समोर आले की पळ काढणारा, माझ्या थोरल्या मामांसारखा माणूस अख्ख्या पाटण तालुक्यात दुसरा नसेल. पलटणीतून निवृत्त होऊन ते गावी आले आणि दरीत अडकलेल्या पर्यटकांना वर काढायचं काम आपसूक त्यांच्या गळ्यात पडलं. दोर स्वतःचा, जीपचं डिझेल स्वतःचं. एकदा स्ट्रेचर बांधायला त्यांनी मामीची कपडे वाळत घालायची दोरीही सोडून नेली. ओली लुगडी दोन दिवस कुंपणावर पसरलेली होती. "हौसेनं मराय येणाऱ्यांनी खर्च भरायलाच पायजे!" असं ते चहाच्या टपरीवर बाकडं बडवून सांगत. ग्रामसभेत त्यांनी तसा ठराव मांडला, भांडून मंजूर करून घेतला आणि पुढच्याच आठवड्यात स्वतःच मोडला.

त्या दिवशी पुण्याची एक मुलगी फोटोच्या नादात घसरून कड्याखालच्या झुडपात अडकली होती. मामा दोराने उतरले. भीतीने ती झुडूप सोडेना. मामा म्हणाले, "बाळ, मला खाली बघायचं लय भ्या वाटतंय. तू माझ्याकडं बघ, मी तुझ्याकडं बघतो." असं एकमेकांकडे बघत दोघं वर आली. वर कड्यावर थांबलेल्या तिच्या वडिलांनी पाकीट काढलं. "किती द्यायचे?" आम्ही सगळे मामांकडे बघायला लागलो. मामांनी घसा खाकरला, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "आदी घरी जेवाय चला. पोरीचं तोंड बघा कसं सुकलंय."

भाकरी थापता थापता मामी मला म्हणाली, "ग्रामसभेला मीच जायला पायजे हुतं."

तीन वर्षांमागे एका मास्तरांना वर आणताना पायाखालचा दगड निसटला. मास्तर वाचले, मामांचा गुडघा गेला. ऑपरेशन लष्करी दवाखान्यात फुकट झालं. पण दोन महिने पुण्यात राहायचं तर धार काढणार कोण, म्हणून मामीने दुभती म्हैस विकली. खर्च कोणी करायचा यावर गावात पुन्हा वाद रंगला, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "म्हशीला कुणी इचारलं न्हाई."

आता दरीत गावातले गडी उतरतात. गेल्या दिवाळीत मी गेलो होतो, तेव्हाही कुणीतरी अडकल्याचा फोन आला. गडी गेले. मामा काठी टेकून अंगणाच्या कडेला उभे राहिले.

"मामा, बसा की."

"बसवत न्हाई रं."

दीड तास ते तसेच उभे होते. सगळे सुखरूप वर आल्याची शिट्टी लांबून ऐकू आली, तेव्हा त्यांनी माझा खांदा धरला. तो हात किती हलका झाला होता, ते मला त्या क्षणी कळलं.