हवालदाराची मुलगी चोर होते

रियाधला आमच्या नर्सेस हॉस्टेलमध्ये मधल्या मजल्यावर एक बिनखिडक्यांची खोली होती. इस्त्रीची खोली म्हणत तिला. आखाती युद्ध सुरू झालं तेव्हा विषारी वायूच्या भीतीनं तिच्या दाराच्या फटींना चिकटपट्टी लावली, उंबऱ्याशी ओले टॉवेल ठेवले आणि सायरन झाला की सगळ्यांनी तिथं जमायचं असा हुकूम निघाला. पुढे पुढे सायरनची वाट न बघता आम्ही संध्याकाळीच तिथं जाऊन बसू लागलो. ड्यूटी नसेल तर दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. बाहेर जायचं ते फक्त हॉस्पिटलच्या बसनं, आणि बस त्या दिवसांत ड्यूटीपुरतीच सुटायची.

खेळ आणला आयरिश नर्सनं. तिच्याकडे खेळाच्या नियमांचं पुस्तक नव्हतं, कारण भुताखेतांची चित्रं असलेलं पुस्तक विमानतळावर काढून घेतील म्हणून ती ते घरीच ठेवून आली होती. फासे मात्र होते. नेहमीचे सहा बाजूंचे नव्हेत, त्यातल्या एकाला तर वीस बाजू होत्या. ती गोष्ट सांगायची: तुम्ही एका पडक्या किल्ल्याखालच्या भुयारात आहात, पुढे अंधार आहे, काय करता? आपण काय करतो ते आपण सांगायचं, आणि ते जमलं की नाही ते फासा ठरवायचा.

आम्ही तिघी खेळायला बसलो. फिलिपिनो मुलगी जादूगार झाली. केरळची एक सीनियर नर्स होती, तिला सगळ्याजणी चेची म्हणजे ताई म्हणत. ती तलवारवाली झाली. उरला चोर.

"मी चोर होणार नाही," मी म्हणाले. "माझे वडील पोलिसात होते."

"मग तुला सगळं ठाऊकच असेल," आयरिश नर्स म्हणाली आणि तिनं माझ्यापुढे फासे सरकवले.

चोराचं काम मला वाटलं त्याहून वेगळं निघालं. चोरी क्वचितच करायची होती. भुयारात सगळ्यांच्या पुढे मी जायचं, भिंती चाचपायच्या, जमिनीत सापळा आहे का बघायचं, कुलपं उघडायची. मला ते आवडलं. वॉर्डात नवीन पेशंट आला की मी असंच आधी सगळं न्याहाळून घ्यायची.

मिरजेला आमच्या घरी फोन नव्हता. शेजारच्या मेडिकलवाल्याकडे फोन करायचा आणि अण्णांना, म्हणजे वडिलांना, बोलावून घ्यायचं. ते घाबरलेले होते, पण त्यांनी तसं दाखवलं नाही.

"संध्याकाळी काय करता तिथं कोंडून?"

"गोष्टीचा खेळ खेळतो. मी त्यात चोर असते, अण्णा."

ते म्हणाले, "कसला चोर? भुरटा का घरफोड्या?"

"घरफोड्या म्हणा."

"मग ऐक. जातिवंत घरफोड्या आत शिरायच्या आधी बाहेर पडायची वाट बघून ठेवतो. जो बघत नाही, तो आमच्या हाती लागतो."

त्यानंतर खेळात कुठल्याही दालनात शिरलं की मी पहिल्यांदा विचारायची, इथून बाहेर जायला दुसरी वाट आहे का? चेची वैतागायची. पण तेच विचारण्याची सवय लागली, आणि एक दिवस जिन्यावरून उतरताना मी आमच्याच हॉस्टेलचं मागचं दार पाहिलं. त्याला साखळी होती आणि साखळीला मोठं कुलूप.

मी वॉर्डनकडे गेले. ती इजिप्तची, उंच, कडक बाई होती.

"मॅडम, मागचं दार उघडं ठेवायला हवं."

"उघडं ठेवलं तर मुली बाहेर जातील."

"आत्ता बाहेर कोण जाईल?"

"खलास," ती म्हणाली. म्हणजे बोलणं संपलं.

चेचीनं हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी ती स्वतः गेली. तिनं कुलूप काढा असं म्हटलंच नाही. कुलूप राहू द्या, फक्त एक किल्ली माझ्याकडे असू द्या, मी सगळ्यांत जुनी आहे, एवढंच म्हणाली. वॉर्डननं किल्ली दिली. चेचीच्या गळ्यात कपड्यांच्या आत एक क्रूस असायचा, तिथं तो उघड घालता येत नसे. त्याच साखळीत तिनं किल्ली अडकवली.

पुढच्याच आठवड्यात, इशाची, म्हणजे रात्रीच्या नमाजाची, बांग होऊन गेल्यावर, सायरन झाला. आम्ही हॉस्पिटलनं दिलेले गॅस मास्क चढवले. मग एक आवाज झाला, असा की तो कानांनी नव्हे, दातांनी ऐकला. हॉस्टेलचे दिवे गेले. छताचा गिलावा खाली आला. चौकीदार खालून ओरडत होता, बाहेर या. पुढच्या दाराच्या काचा पोर्चभर पडल्या होत्या आणि तिथंच एक वायर तुटून ठिणग्या टाकत होती.

चेचीनं मास्क वर केला, गळ्यातली साखळी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "तू पुढे हो."

मी भिंत चाचपत जिना उतरले. मागे सगळ्या एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून. किल्ली कुलपात गेली, पण फिरेना. फिलिपिनो मुलीनं खिशातून व्हॅसलिनची डबी काढली. किल्लीला ते चोपडून, थोडं मागे-पुढे करत राहिले, आणि कुलूप उघडलं.

वॉर्डन सगळ्यांत शेवटी आली. तिची खोली पुढच्या दाराशी होती, तिथून अनवाणी, काचांवरून चालून. रस्त्याच्या दिव्याखाली आयरिश नर्सनं तिच्या तळव्यातल्या काचा काढल्या आणि ओढणी फाडून बांधली. क्षेपणास्त्राचा तुकडा शेजारच्या मोकळ्या प्लॉटमध्ये पडला होता. बाकी कुणाला काही झालं नाही.

सकाळी मागच्या दाराला पुन्हा कुलूप होतं. किल्ली मात्र चेचीकडेच राहू दिली.

काही दिवसांनी वॉर्डन लंगडत इस्त्रीच्या खोलीत आली आणि खुर्चीवर बसून खेळ बघत राहिली. मग तिनं विचारलं, "यात मला काही काम आहे?"

आयरिश नर्सनं तिला गावाच्या वेशीवरची पहारेकरीण केली. वॉर्डननं आम्हाला वेशीबाहेर सोडलं नाही. कुठं जाता, कुणाबरोबर, परत कधी येणार? चेचीनं तलवार उपसायची धमकी दिली, जादूगारणीनं मंत्र म्हटला, फासा वाईट पडला. ती संध्याकाळ आमची तिला समजावण्यातच गेली, आणि तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

मग युद्ध थांबलं. बसेस पूर्वीसारख्या सुटू लागल्या, ड्यूट्या बदलल्या, आम्हाला एकत्र संध्याकाळ मिळेनाशी झाली. आयरिश नर्स उन्हाळ्यात घरी गेली, चेचीची उत्तरेकडच्या हाइल शहरातल्या हॉस्पिटलला बदली झाली. भुयाराच्या शेवटी काय होतं, ते आयरिश नर्सनं सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. इस्त्रीच्या खोलीत पुन्हा इस्त्रीचं टेबल आलं. दारावरच्या चिकटपट्टीचा डिंक मात्र कशानंच निघेना, शेवटी दार रंगवून घेतलं.