कुंकवाखालचं मेण

माल संपतो हो, किस्से संपत नाहीत! आमच्या भोरच्या दुकानात ओट्याखाली एक टोपली होती, फुटलेल्या बांगड्यांच्या काचा टाकायला. रोज चार तुकडे पडायचे, कुणाचं लक्ष नसायचं, आणि एक दिवस उचलायला जावं तर टोपली जागची हलायची नाही. किस्स्यांचंही तसंच झालंय. परवा तुम्ही सगळ्या त्या नव्या पावडरीवरून भांडत होतात ना, कुठं स्वस्त मिळते आणि कुठली जास्त टिकते, तेव्हा मला ती टोपली आठवली. आता विषय काढलाच आहे तर ऐका. मध्येच चहाला उठायचं नाही!

मी लग्न होऊन भोरच्या कासारआळीत आले तेव्हा तिकडं दूर लढाई सुरू झाली होती. आमचं दुकान बांगड्यांचं, पण कुंकू, मेण, काजळ, फण्या, सगळं बायकांचं सामान तिथं मिळायचं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, पुण्याहून माल आणायचे. ओट्यावर बसायच्या आत्याबाई, माझ्या सासूबाई. बाई बोलायची कमी. पण जे बोलायची ते गिऱ्हाइकं गावाला जाऊन सांगायची.

*

एकदा मामंजींनी तोंडाला लावायची 'स्नो' आणली. काचेची छोटी बरणी, आत पांढरंशुभ्र, थंडगार. झाकण उघडलं की असा वास सुटायचा की आलेली बाई हलायची नाही. पण घ्यायला कुणी धजत नव्हतं. शेवटी किकवीच्या एक पाटलीणबाई घेऊन गेल्या.

पुढच्याच बाजारी बरणी घेऊन परत! ओट्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "ही घ्या माघारी."

"का हो, काय झालं?"

"लावली की गडप हुती! दिसतच न्हाई. जी वस्तू लावल्यावर दिसत न्हाई ती घिऊन करायचं काय? माझ्या जावांना कळंल तरी कसं?"

मला हसू आवरेना. आत्याबाईंनी शांतपणे आरसा उचलून त्यांच्यापुढं धरला. "स्नो दिसत नाही हे खरं. पण तुमचं तोंड दिसतंय का, ते बघा."

पाटलीणबाईंनी डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, गालावरून बोट फिरवलं. मग बरणी उचलून पदराखाली घातली आणि हळूच म्हणाल्या, "जावांना सांगू नका म्हंजी झालं!"

*

हसा, हसून घ्या. कुंकवाचं मात्र हसण्यावारी नव्हतं.

आमच्या दुकानात कुंकू घ्यायची एक रीत होती. चिमूट मनगटावर चोळायची, वर पाण्याचे थेंब टाकायचे आणि पुसायचं. रंग मागं राहिला तर कुंकू पक्कं. ओघळून गेला तर उठायचं आणि दुसरं दुकान बघायचं. आत्याबाई स्वतःहून सांगायच्या, "आधी हात पुढं करा, मग भाव करा."

लढाईनं माल मिळेनासा झाला तेव्हा कापूरहोळच्या फाट्यावर एक जण पाल ठोकून बसायला लागला. स्वस्त कुंकू! निम्म्याहून कमी भावात! बायकांची झुंबड. आमच्या ओट्यावर कुत्रं फिरकेना. मामंजी वैतागले, आत्याबाई सुपारी कातरत बसल्या.

मग भाटघरला एका घरी हळदीकुंकू झालं. चैत्राचं ऊन, घर भरून बायका. घाम आला आणि एकेकीच्या कपाळावरून लाल ओघळ नाकापर्यंत! एकमेकींकडं बघून आधी हसल्या. संध्याकाळपर्यंत कपाळं सुजली, मग कुणी हसेना. सवाष्णीचं कुंकू असं वाहून जावं, म्हाताऱ्यांनी तर हायच खाल्ली.

पुढच्या बाजारी त्या सगळ्या आमच्याकडं आल्या. मला वाटलं, आत्याबाई आता सुनावणार. त्यांनी फक्त ताकाची लोटी पुढं केली, "कपाळाला लावा, आग थांबेल."

त्यांच्या मागून एक गडी पागोटं खाली ओढून उभा होता. गर्दी पांगल्यावर पुढं आला. तोच तो, कापूरहोळचा पालवाला!

"कुंकू द्या जरा. चांगलं बघून."

"तुझ्याकडं पोत्यानं आहे की रे!" आत्याबाई म्हणाल्या.

तो खाली बघून म्हणाला, "ते इकायला हाय. हे घरात पायजे."

*

आता सगुणाबाईचं सांगते.

वेल्ह्याकडच्या डोंगरातली ही बाई. शेती थोडी, वस्ती उंचावर. ऐन उमेदीत नवरा गेलेला. कपाळ पांढरं, हात मोकळे. एकुलता एक मुलगा पलटणीत जाऊन आफ्रिकेकडं लढाईवर, आणि घरात सून, हौसा. बाजाराला ती पहाटे निघून डोंगर उतरून यायची, डोक्यावर गाठोडं. गाठोड्यात मेण, डोंगरातल्या मधाच्या पोळ्यांचं.

तुम्ही टिकल्या चिकटवता, तुम्हाला काय ठाऊक! तेव्हा कपाळाला आधी मेण लावायचं आणि त्यावर कुंकू. मेण असलं की कुंकू दिवसभर धरून राहायचं. रानात राबा, घाम येऊ दे, हलायचं नाही. तिच्याकडचं मेण म्हणजे एक नंबर. ती आम्हाला मेण द्यायची आणि बदल्यात सुनेसाठी कुंकू न्यायची.

आणि घासाघीस? देवा रे! मेणाचा गोळा ओट्यावर ठेवायची आणि त्यावर हात दाबून बसायची. "आदी कुंकू दावा." पहिलं दाखवलेलं कधी पसंत नाही. दुसरं नाही. आत्याबाई आतला डबा काढीपर्यंत मेणावरचा हात निघायचा नाही.

पण विधवा बाई मनगटावर कुंकू कसं चोळून बघणार? तिचा दुसरा हात कायम पदराखाली. मग आत्याबाई मला म्हणायच्या, "सूनबाई, हात कर पुढं." माझ्या मनगटावर चोळायचं, पाणी टाकायचं, पुसायचं. ती वाकून, डोळे बारीक करून बघायची. पुडी बांधली की आत्याबाई ती तिच्या हातात द्यायच्या नाहीत, ओट्याच्या कडेला ठेवायच्या. तिथून ती पदरानं उचलायची. रीतच होती तशी. मला ते बघवायचं नाही, पण नव्या सुनेला विचारतो कोण?

एकदा मी म्हटलं, "सगुणाबाई, किती चिकित्सा करता हो!"

ती म्हणाली, "पोरी, माजं हलकं निगालं, गेलं. तिच्या कपाळाचं हलकं न्हाई चालायचं."

*

भाटघरच्या धरणावर एक साहेब बदलून आले होते, आपलेच, नागपूरकडचे. त्यांची बायको एकदा बांगड्या भरायला आली. शिकलेली, गोरीपान, आणि ओठ लालभडक! सगळं दुकान वळून बघायला लागलं.

त्या दिवशी सगुणाबाई सुनेला घेऊन आली होती. तिनं त्या बाईंना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि सरळ म्हणाली, "बाईसाहेब, यकटीनंच इडा खाल्ला व्हय? आमी काय वंगाळ हाय का?"

त्या बाई आधी गोंधळल्या, मग खळखळून हसल्या. पिशवीतून पितळेची नळी काढली, फिरवली, आतून लाल कांडी वर आली. "विडा नाही हो, ही लिपस्टिक. ओठांना लावायची. बघा ना लावून!"

ओठांना? आमच्या बायका कशाला ओठांना लावतायत! कांडी या हातातून त्या हातात गेली आणि एकजात सगळ्यांनी ती कपाळाला लावली. मग कुणीतरी मनगटावर ओढली, पाणी टाकलं, पुसलं. जात नाही! पुन्हा पुसलं. तरी जात नाही! दुकानात नुसता कल्ला. "अगं बया, हे तर मेणासकट कुंकू!" "ह्येच ठेवा वो दुकानात!" कांडी परत गेली तेव्हा तिचं टोक पार सपाट झालं होतं.

हौसानंही लावलं होतं. सतरा-अठराची पोर, सावळी, मोठ्या डोळ्यांची. आरशात बघून हसली. मग एकदम गंभीर होऊन साहेबांच्या बायकोला म्हणाली, "ते सुट्टीवर येस्तवर टिकंल का वो हे?"

साहेबांच्या बायकोनं ती नळी तिच्या मुठीत कोंबली आणि बांगड्या न भरताच निघून गेली.

*

नंतर सगुणाबाईच्या मुलाचं पत्र येईनासं झालं. आधी डोंगरात पोचत नसेल म्हणून सोडून दिलं. मग सगुणाबाई भोरच्या टपालात जाऊन बसायला लागली. तिथून उठून आमच्याकडं यायची. आम्ही विचारायचो नाही, ती सांगायची नाही.

एका बाजारी हौसा बरोबर होती. त्यांच्या भावकीतली एक जाणती बाई आधीपासून ओट्यावर बसलेली. तिनं हौसाच्या कपाळाकडं बघितलं, रुपयाएवढं कुंकू. म्हणाली, "पोरी, कुंकू जरा बारीक लावावं आता. कागूद न्हाई, खबर न्हाई. लोक बगत्यात."

हौसाचा हात कपाळाकडं गेला. सगुणाबाईचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता इथंच जुंपणार.

आत्याबाई माप घेता घेता, वर न बघता म्हणाल्या, "बारीक कुंकवाचा माल लढाईपासनं बंद झालाय. येत नाही."

जाणती बाई तोंड वळवून बसली. त्या दिवशी आत्याबाईंनी सगुणाबाईशी भाव केला नाही. पण त्यानंतर हौसा बाजाराला आली नाही.

*

शेवटचं सांगते आणि थांबते. हे मी कुणाला फारसं सांगत नाही.

त्यांच्या शेजारच्या वस्तीवरचा एक शिपाई पाय जायबंदी होऊन घरी आला. सगुणाबाईच्या मुलाच्याच तुकडीतला. त्यानं डोळ्यांदेखत बघितलं होतं. मुलगा पडला होता, तिथंच त्याला पुरलं होतं.

बाजाराच्या दिवशी ही बातमी तिच्या आधी भोरला पोचली. भावकीनं ठरवलं होतं म्हणे, परवा हौसाला नदीवर न्यायचं. कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या. आत्याबाईंनी ऐकलं आणि कुंकवाचा आतला डबा झाकून मागं सारला. मला म्हणाल्या, "आता काही ती यायची नाही." त्यांचे डोळे भरून आले होते. मी तर आत जाऊन रडून घेतलं. ती पोर, ती कांडी, ते "टिकंल का वो", सगळं डोळ्यांपुढं येत होतं.

ऊन चढायच्या सुमाराला सगुणाबाई आली. तशीच, डोक्यावर गाठोडं. काखेत एक कोंबडी, पाय बांधलेली. ओट्यावर बायका होत्या, त्या आपोआप सरकल्या. ती बसली. पाणी मागितलं, प्यायली. लोटीत थोडं राखलं.

"कुंकू द्या," म्हणाली.

आत्याबाईंनी तिच्याकडं बघितलं. मग डबा पुढं ओढला, झाकण काढलं. मी सवयीनं माझा हात पुढं केला.

तिनं माझा हात बाजूला केला. पदराखालचा स्वतःचा हात बाहेर काढला, उताणा करून ओट्यावर ठेवला. इतक्या वर्षांत मी तो हात पहिल्यांदा बघत होते.

"हितं लावा."

भावकीतली ती जाणती बाई दारात उभी होती, तिनं तोंडाला पदर लावला. आत्याबाईंनी चिमूट घेतली आणि तिच्या मनगटावर चोळली. सगुणाबाईनंच लोटीतलं पाणी वर टाकलं, लुगड्याच्या सोग्यानं पुसलं. वाकून, डोळे बारीक करून बघितलं. लाल रंग तसाच होता.

"पक्कं हाय. ह्येच द्या. दुप्पट बांदा."

आत्याबाईंनी पुडी बांधली. ओट्याच्या कडेला ठेवली नाही. तिच्या हातात दिली, आणि तिची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटवली.

मग नेहमीसारखं मेण उतरवून घ्यायला मी तिच्या गाठोड्याला हात घातला. तिनं गाठोडं मागं ओढलं आणि कोंबडी ओट्यावर ठेवली.

"ही ठिवा," म्हणाली. "मेण न्हाई द्यायचं आता. घरला दोगींना लागंल."