एकट्याची चौकट

माल्सुनच्या बेटावरच्या घरात एकच मोठी फ्रेम होती, दारावर टांगलेली. तिच्या काचेआड सगळं घराणं दाटीवाटीनं बसलेलं असे. बाळांचे पहिले वाढदिवस, शाळेची सहल, दिराचं लग्न, बोटीवरचे पुरुष. त्यात जिवंत कोण आणि गेलेलं कोण, हे कुणी विचारत नसे. खांद्याला खांदा लागलेला असला की मरणालाही नेमकं बोट ठेवायला जागा सापडत नाही, असं ती मानत आली होती.

गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा ती फ्रेम घेऊन योसू शहरात सुनेकडे राहायला आली. मुलगा किबॉम दूर दक्षिणेच्या समुद्रात, टूना मासळी धरणाऱ्या जहाजावर. दर रविवारी त्याचा फोन येई. सून सोरा शहरात वाढलेली, मनमिळाऊ, हौशी. बैठकीच्या खोलीतली कोरी भिंत तिच्या डोळ्यांत खुपत होती. ती सासूला घेऊन बाजारातल्या फ्रेमवाल्याकडे गेली.

"आई, ही बघा, जुन्या खिडकीची केलीय. आणि ही दोरखंडाची. तुमच्या बेटाचा फोटो हिच्यात शोभेल."

"खिडकी भिंतीवर टांगायची? मग बाहेर बघायचं कुठून?"

फ्रेमवाला हसला. "आजी, आजकाल माणसं भिंतीतूनच बाहेर बघतात."

माल्सुनही हसली. "तुला आवडेल ते घे, पोरी," म्हणाली.

दोन-तीन दिवसांनी माल्सुन गुडघ्यांना मालिश करून घेऊन घरी आली, तर भिंत सजलेली होती. बेटावरून आणलेली जुनी फ्रेम उघडून सोरानं एकेक फोटो सुटा केला होता. दोरखंडात बेट, खिडकीत लग्न, वेताच्या गोल चौकटीत वाढदिवसाचं बाळ. आणि मधोमध, बारीक काळ्या लाकडात, किबॉम. एकटा, समोर बघणारा. जहाजावरच्या सगळ्या माणसांमधून त्याचा चेहरा तेवढा कापून मोठा केलेला. तोही काळा-पांढरा.

माल्सुनला नवऱ्याची अंत्ययात्रा आठवली. तिचा नवरा गेला तेव्हा घरात त्याचा एकट्याचा फोटोच नव्हता. लग्नाच्या घोळक्यातून चेहरा कापला, काळ्या चौकटीत बसवला आणि ती चौकट छातीशी धरून शाळकरी किबॉम शवपेटीपुढे चालला. फोटोच्या कडेला कुणा परक्याचा खांदा तसाच राहिला होता.

"कशी दिसते, आई?"

"छान आहे."

दुसरं काही बोलणं शक्यच नव्हतं. तोंडातून निघालेलं वाईट बी होऊन रुजतं, हे तिला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. जेवताना तिनं आडून विचारून पाहिलं, "मधेच जरा काळं होतंय का गं? वेताच्या चौकटीत बसव की त्याला."

"वेताच्या चौकटीत? टोपल्या विकणारा दिसेल तो," सोरा म्हणाली. "काळ्यातच माणूस उठून दिसतो."

त्या रविवारी फोन आला नाही. पुढच्याही नाही.

"जहाजावरचं यंत्र बिघडलं असेल," सोरा म्हणाली आणि भांडी घासू लागली. एकदा ती गॅलरीत दार लोटून कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होती. "शेवटचा निरोप कुठून आला होता?" एवढंच माल्सुनच्या कानावर पडलं. हातातल्या सुक्या मासळीची डोकी खुडता खुडता ती थांबली. भिंतीकडे पाठ करून बसली तर मानेवर नजर जाणवे, तोंड करून बसली तर घास उतरत नसे. फोटो नुसता काढून ठेवायचीही तिला धास्ती वाटे. भिंतीवरून पोराला आपल्याच हातांनी उतरवायचं?

शेवटी एका दुपारी सोरा कामाला गेलेली असताना तिनं कपाटातून कापडात गुंडाळलेला एक फोटो काढला. बेटावरच्या म्हाताऱ्यांच्या सभागृहात सगळ्या बायांचे असे फोटो काढले होते, रेशमी पोशाख घालून, गालांना लाली लावून. दीर्घायुष्याचा फोटो म्हणत त्याला. तो शवपेटीपुढे धरायचा असतो, हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. तिनं काळी चौकट उतरवली, किबॉमला वेताच्या चौकटीत बाळाशेजारी सरकवलं आणि काळ्या लाकडात स्वतःला बसवलं. मग खिळ्याला लावताना पुटपुटली, "घ्यायचंच असेल तर हे घे."

संध्याकाळी सोरा दारातच थबकली. पिशवी खाली ठेवायचंही तिला सुचेना.

"आई, हे काय केलंत?" मग तिला उमगलं. ती मटकन खाली बसली. "मला कळलंच नाही हो. त्याचा चेहरा रोज दिसावा म्हणून मी... उतरवते मी ते."

"हात लावू नकोस. त्या चौकटीला आता कुणीतरी लागणारच."

सोरा रडू लागली. कंपनीलाही जहाजाचा पत्ता लागत नव्हता, हे तिनं तेव्हा सांगितलं. माल्सुननं तिच्या पाठीवर हात ठेवला. दोघींनी स्वयंपाक केला नाही.

चार दिवसांनी किबॉमचाच फोन आला. वादळात संदेशाचं यंत्र गेलं होतं, जहाज एका बेटाच्या आडोशाला थांबलं होतं. "जिवंत आहे गं, आई. रडतेस कशाला?" तो हसत होता. मग सोरानंही त्याच्याशी बोलून फोन ठेवला आणि हात थेट भिंतीकडे नेला.

"राहू दे," माल्सुन म्हणाली. "दिलेलं परत मागू नये."

रात्री आपण गाढ झोपू असं तिला वाटलं होतं. पण डोळा लागेना. बैठकीतल्या काळ्या चौकटीत आता तिचाच चेहरा होता. इतकी वर्षं ती नवऱ्यासाठी भ्याली, पोरासाठी भ्याली. स्वतःसाठी भिण्याची तिला सवयच नव्हती, आणि हे भय कुणाला सांगायचं, तर बोललं की ते रुजणार.